थ्री-नॉट-थ्री दुबळी नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २६ नोव्हेंबर जवळ आला की, मराठी दैनिकांतून एक वाक्य हमखास वाचायला मिळते: पोलिसांच्या हाती जुनाट, दुबळ्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या आणि समोर ताकदवान एके-४७ होत्या. पोलीस दलात किंवा लष्करात नवे शस्त्र येणार असल्याची बातमी असली, तरी तिच्यात ‘अधिक घातक’, ‘अधिक मारक क्षमता’ असे शब्द ठळक छापले जातात आणि हे शस्त्र चालवणाऱ्याचा नेम कसा आहे, याबद्दल मात्र एक ओळही नसते. पोलीस प्रशिक्षणात गोळीबाराचे धडे देण्यात माझी बरीच नोकरी गेली. शस्त्राच्या ताकदीविषयीच्या या समजुतीमुळे सरकारी पैसा चुकीच्या जागी खर्च होतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

आधी दुबळेपणाचा हिशेब पाहू. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची असते आणि ती सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने नळीबाहेर पडते; म्हणजे तिच्यात जवळपास ३१०० ज्यूल ऊर्जा असते. एके-४७ ची गोळी सुमारे ७.९ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला सुमारे ७१५ मीटर आणि ऊर्जा २००० ज्यूलच्या आसपास. थोडक्यात, गोळीला गोळी लावून पाहिली, तर छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री काही पोलीस व रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांच्या हाती जे शस्त्र होते, ते समोरच्या शस्त्राच्या दीडपट ताकदवान होते. तरीही दोन हल्लेखोरांनी तेथे पन्नासहून अधिक माणसे मारली, हे आपण सारे जाणतो.

फरक होता तो दुसऱ्याच गोष्टींत. थ्री-नॉट-थ्रीमध्ये प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) वर उचलून मागे ओढावा लागतो, रिकामी पुंगळी बाहेर पडली की तो पुढे ढकलून पुन्हा खाली बसवावा लागतो, आणि हे सगळे करताना नजर व नेम दोन्ही हलतात. एके-४७ मध्ये हे काम वायूच्या दाबाने आपोआप होते आणि मॅगझिनमध्ये तीस गोळ्या असतात. हा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही. परंतु याच जातीच्या रायफलीने पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश पायदळातील सैनिकाकडून ३०० यार्डांवरच्या टार्गेटवर मिनिटाला किमान १५ नेमाच्या गोळ्या मारण्याची अपेक्षा ठेवली जात असे, आणि सरावलेले सैनिक ती पुरीही करत. बोल्ट त्यांनाही ओढावाच लागत होता; पण तो इतक्या वेळा ओढलेला असे, की हाताला वेगळे सांगावे लागत नसे. मुंबई हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालात जे आढळले, ते याच्या नेमके उलट आहे: खास अशा प्रसंगांसाठी उभारलेल्या शीघ्र कृती दलाचाही गोळीबाराचा सराव दारूगोळ्याच्या टंचाईमुळे बंद पडला होता. हल्ल्यानंतर नवी शस्त्रे, बुलेटप्रूफ जाकिटे आणि बोटी यांवर पुष्कळ चर्चा झाली. सरावाच्या गोळ्यांचा हा मुद्दा मात्र वर्तमानपत्रांतून दोन-चार दिवसांतच मागे पडला.

ताकद वाढली म्हणजे निदान नुकसान तरी काही नाही, असे कोणाला वाटेल. तसे नाही, आणि ते का नाही हे जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण सारी गोम त्यातच आहे. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने शस्त्र मागे येते. सुमारे चार किलो वजनाच्या रायफलीतून ७.६२ मिलिमीटरची मोठी लष्करी गोळी झाडली, तर खांद्यावर बसणाऱ्या झटक्याची ऊर्जा ५.५६ मिलिमीटरच्या गोळीच्या झटक्यापेक्षा तिप्पट-चौपट असते; टार्गेटकडे जाणारी ऊर्जा मात्र दुप्पटच असते. म्हणजे दुप्पट ताकदीची किंमत खांदा तिप्पट-चौपट मोजतो. आणि गंमत अशी की, हा झटका बसतो तोवर ती गोळी गेलेली असते. चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही हजारावे भागच जातात. नेम बिघडवण्याइतका वेळ झटक्याला त्या गोळीपुरता मिळतच नाही. नेम बिघडवते ती झटक्याची भीती. तो येणार हे शरीराला माहीत असते, म्हणून चाप पुरता ओढला जाण्याआधीच डोळे मिटतात, मनगट खाली दबते, खांदा पुढे ढकलला जातो आणि बोट चाप हळूहळू दाबण्याऐवजी हिसका देते. पिस्तुलाची फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, एवढ्याशा हालचालीने एक मिलिमीटर सरकली, तरी २५ मीटरवर गोळी सुमारे पंधरा सेंटीमीटर बाजूला जाते.

फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, हे दाखवून देण्याची जुनी रीत आहे. मॅगझिनमध्ये खऱ्या राऊंडांमध्ये एखादा डमी (न उडणारा) राऊंड मिसळून द्यायचा आणि तो कितवा आहे हे नेमबाजाला सांगायचे नाही. डमी आला की नुसता टक् आवाज होतो. गोळी नाही, झटका नाही, आणि तरीही नळी झपकन खाली जाते. ती हालचाल नेमबाजाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, मग निदेशकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. धिप्पाड, तालमीतले जवान या कसोटीत लाजलेले मी पाहिले आहेत आणि लिपिकाचे काम करणाऱ्या एखाद्या महिला शिपायाची नळी तसूभरही न हललेली पाहिली आहे. हा दोष भित्रेपणाचा नाही. शरीराची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. ती जाते फक्त नियमित सरावाने, आणि शस्त्राचा झटका जितका मोठा, तितका सराव अधिक लागतो. म्हणून सराव तेवढाच ठेवून शस्त्र जास्त ताकदीचे दिले, तर गोळ्या लागण्याचे प्रमाण घटते. शस्त्र खरेदीच्या बातम्यांत ही बाजू मला कधी दिसली नाही.

या प्रश्नावर एका मोठ्या पोलीस यंत्रणेने जवळपास तीस वर्षे फिरून पुन्हा मूळ जागी येण्याचा जो अनुभव घेतला, तो आपल्याकडे फारसा माहीत नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत मायामी येथे एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेच्या आठ अधिकाऱ्यांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. काही मिनिटांत दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे १४५ गोळ्या झाडल्या गेल्या. दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले. चकमकीच्या सुरुवातीलाच एका अधिकाऱ्याची ९ मिलिमीटरची गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयापासून जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. ती जखम जीवघेणीच होती, पण मरण्यापूर्वी तो आणखी काही मिनिटे लढला आणि मुख्य नुकसान त्यानेच केले. चौकशीनंतर खापर फुटले ते ९ मिलिमीटरच्या काडतुसावर. ते दुबळे ठरवले गेले आणि एफबीआयने १० मिलिमीटरचे जबरदस्त काडतूस निवडले.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १० मिलिमीटरचा झटका अनेक अधिकाऱ्यांना झेपेना, म्हणून त्यातली दारू कमी करून सौम्य काडतूस वापरावे लागले. एवढी कमी दारू भरायची, तर एवढी लांब पुंगळी तरी कशाला, म्हणून १९९० मध्ये .४० इंच व्यासाचे आखूड काडतूस बाजारात आले, आणि एफबीआयसह अमेरिकेतील बहुसंख्य पोलीस दलांनी ते स्वीकारले. मग २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने ९ मिलिमीटरकडे परतण्याची कारणे लेखी मांडली. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या नेमावर लागतच नाहीत, सुधारित बनावटीच्या गोळ्यांमुळे पोलिसांच्या नेहमीच्या पिस्तूल-काडतुसांच्या जखमांत व्यवहारात फरक राहिलेला नाही, आणि बहुतेक अधिकारी ९ मिलिमीटरने अधिक वेगाने व अधिक अचूक मारा करतात, असा त्याचा आशय होता. गोळीची बनावट सुधारली हे या परतीचे एक खरे कारण आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मायामीच्या चकमकीतली एक गोष्ट १९८६ मध्येही सर्वांसमोर होती. ती चकमक संपवली एका अधिकाऱ्याने, ज्याचा एक हात गोळीने निकामी झाला होता. त्याने दुसऱ्या हातात रिव्हॉल्व्हर घेऊन, चालत जवळ जाऊन गोळ्या झाडल्या. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ ची काडतुसे होती, म्हणजे ज्या ९ मिलिमीटरला दुबळे म्हटले गेले, त्याच्याहूनही कमी ताकदीची.

शहरातल्या पोलिसांना तर चुकलेल्या गोळीचाही हिशेब द्यावा लागतो. २४ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका बंदूकधाऱ्यावर अगदी जवळून १६ गोळ्या झाडल्या. तो मेला, पण रस्त्यावरची नऊ माणसे जखमी झाली, आणि ती सारी पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी. त्या पोलिसांच्या पिस्तुलांचा चाप मुद्दाम जड ठेवलेला होता, सुमारे साडेपाच किलो बळ लावावे लागेल इतका; तो ओढताना नळी हलतेच. आता सायंकाळी सहाला दादरचा पूल डोळ्यांसमोर आणा. तेथे ३१०० ज्यूलची, पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी नेमावर बसली तरी माणसाच्या आरपार जाऊन मागच्याला लागेल. चुकली तर काय होईल ते सांगायला नको. गर्दीच्या शहरात अधिक घातक शस्त्र ही पोलिसांची सोय नसून अधिकची जबाबदारी आहे.

लष्कराची गोष्ट वेगळी आहे, हे मला मान्य आहे. नियंत्रण रेषेवर पाचशे-सहाशे मीटरवर, वाऱ्यात, दगडांच्या आडोशामागचे लक्ष्य असते तेव्हा हलकी गोळी वाऱ्याने अधिक वाहते आणि तिचा जोरही लवकर ओसरतो. पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेने आरेखित केलेली ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल बाजूला ठेवून २०१९ मध्ये लष्कराने ७.६२ मिलिमीटरच्या ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या, त्यामागे हा विचार होता आणि तो चुकीचा म्हणण्याचा मला अधिकार नाही. मात्र ७.६२ चे एक काडतूस ५.५६ च्या सुमारे दुप्पट वजनाचे असते, म्हणजे जवान तेवढ्याच ओझ्यात निम्म्याच गोळ्या नेऊ शकतो. वाया घालवण्यासाठी त्याच्याजवळ काही उरत नाही. अमेरिकी लष्करानेही २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची जोरदार रायफल निवडली, पण तिच्याबरोबर अंतर मोजून नेम किती वर धरायचा हे स्वतःच दाखवणारी दुर्बीणही घेतली. आपल्याकडच्या बातम्यांत रायफलीची ताकद येते, दुर्बिणीचा उल्लेखही नसतो.

शस्त्र दुबळे असल्याची तक्रार नवीही नाही. आज ज्या थ्री-नॉट-थ्रीला आपण कुचकामी म्हणतो, तीच १८९५ च्या चित्रालच्या (आजच्या पाकिस्तानातील) मोहिमेत ब्रिटिश सैनिकांना दुबळी वाटली होती, कारण तिच्या आधीच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची जाडजूड शिशाची गोळी त्यांच्या सवयीची होती. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात टोकाला शिसे उघडे ठेवलेली, शरीरात पसरणारी गोळी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांना युद्धात बंदी घालण्यात आली. बंदी आली म्हणून थ्री-नॉट-थ्री बाद झाली नाही. त्यानंतरची दोन्ही महायुद्धे ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांनी तिच्यावरच लढली.

ताकदीचा मोह सोडून अचूकतेचा ध्यास घेतला म्हणजे काय होते, हे पाहायला महाराष्ट्रातल्या वाचकाला अमेरिकेत जाण्याची गरज नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे झोपून) प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. या स्पर्धांतली .२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि तिच्यात १४० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या बाविसाव्या हिश्श्याइतकी. पन्नास मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. त्याच .२२ मध्ये अधिक वेगाची काडतुसे दुकानात मिळतात, पण स्पर्धेतले नेमबाज ती घेत नाहीत. ध्वनीपेक्षा वेगाने सुटलेली गोळी वाटेत मंदावून ध्वनीच्या वेगाखाली येते, तेव्हा हवेत निर्माण होणाऱ्या गडबडीने ती किंचित डळमळते. म्हणून सामन्याची काडतुसे मुद्दाम सेकंदाला सुमारे ३२५ मीटरवर, ध्वनीच्या वेगाच्या खालीच ठेवलेली असतात. एवढेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या काडतुसांच्या निरनिराळ्या लॉटमधील राऊंड स्वतःच्या रायफलीतून झाडून, जो लॉट सर्वांत लहान ग्रुप, म्हणजे भोकांचा सर्वांत आटोपशीर पुंजका, देतो तोच विकत घेण्याची पद्धत आहे.

पोलीस शिपायाला ऑलिंपिकपटू करावे, असे मी म्हणत नाही. टार्गेट हलत नाही आणि उलट गोळीही मारत नाही, हा आक्षेप माझ्या कानांवर अनेकदा आला आहे, आणि तो बरोबरच आहे. पण ज्याला स्थिर टार्गेटवर, सावलीत, निवांतपणे ग्रुप करता येत नाही, त्याला फलाटावरच्या धावपळीत आणि आरडाओरड्यात तो करता येईल, अशी अपेक्षा तरी कशाच्या बळावर ठेवायची? प्रत्यक्षात बहुतेक शिपायांचा सराव म्हणजे वर्षातून एकदा बसने फायरिंग बटवर जाणे, ठरलेले राऊंड घाईघाईने संपवणे आणि रजिस्टरवर सही करणे. पावसाळा, बंदोबस्त, निवडणुका, सण यांत तो दिवसही अनेकदा पुढे ढकलला जातो. बट शहराजवळ होती तेथे वस्ती वाढली आणि ती बंद पडली, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. शस्त्रागारात नवे शस्त्र आले की उद्घाटन होते, छायाचित्र निघते. वर्षभराच्या सरावाच्या राऊंडांचे छायाचित्र कोण काढणार, आणि ते कोणत्या पानावर छापले जाणार?

आपल्याकडे सोयी नाहीत असेही नाही. लहान शस्त्रांच्या गोळ्या बनवणारे खडकी आणि वरणगाव येथील कारखाने आपल्याच राज्यात आहेत, बालेवाडीत आंतरराष्ट्रीय दर्जाची रेंज आहे, आणि आंतरराष्ट्रीय पदके मिळवलेले नेमबाज व त्यांचे प्रशिक्षक महाराष्ट्रात आहेत. शिपायाचा चाप ओढण्याचा दोष घालवण्यासाठी सुरुवातीला खरी गोळीही लागत नाही. रिकाम्या शस्त्राने, भिंतीवरच्या ठिपक्यावर, पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत रोज दहा मिनिटे केलेला सराव आणि महिन्यातून एकदा एअर रायफलवरचा तास यांनी नेमात पडणारा फरक मोठा असतो, आणि त्याला लागणारा खर्च एका परदेशी रायफलीच्या किमतीपुढे नगण्य असतो. एअर रायफलची गोळी साडेसात ज्यूलची, तिला झटका जवळपास नाहीच. म्हणून तिच्यावर दोष लपत नाही आणि झटक्याचे निमित्तही सांगता येत नाही.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात गृह विभागाच्या मागण्या चर्चेला येतील, तेव्हा किती शस्त्रे घेतली याबरोबरच गेल्या वर्षी प्रत्येक शिपायामागे सरावाचे किती राऊंड प्रत्यक्ष झाडले गेले, त्यांतले किती टार्गेटवर लागले आणि जिल्ह्यातली फायरिंग बट किती दिवस चालू होती, हे आकडे त्यांनी मागावेत. ते मिळाले नाहीत, तर मिळाले नाहीत असे छापावे. जिल्हा आवृत्त्यांच्या वार्ताहरांना तर एखाद्या सकाळी बटवर स्वतः जाऊन, सराव संपल्यावर टार्गेटच्या कागदावरची भोके मोजता येतील. त्यासाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागते, ती जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून मिळते.

आपला,
एक निवृत्त पोलीस निदेशक,
सातारा